कवळी आणि दुनळी

खुर्ची बघितली की माझं डोकं फिरतं. साधी पांढरी प्लास्टिकची खुर्ची. चाकणच्या पुढे आमच्या शूटिंग क्लबवर, नेमबाजांच्या मागे, पत्र्याच्या सावलीत ती मांडलेली असते आणि तिच्या पाठीवर कागद चिकटवलाय, ‘मार्गदर्शक’. मार्गदर्शक म्हणजे कोण, तर म्हातारं माणूस. बसा, चहा प्या, टाळ्या वाजवा आणि बंदुकीला हात लावू नका.

ही अक्कल निरंजनची. निरंजन आमचा नवा सेक्रेटरी. हिंजवडीत मोठ्या पगारावर आहे, वय चाळीस, बोलणं तुपात घोळलेलं. मला ‘सुमनकाकू’ म्हणतो. अरे, मी कुठून झाले तुझी काकू? खाणमालक अण्णासाहेबांनी त्यांची बंद पडलेली दगडखाण क्लबला दिली आणि आम्ही हातांनी तिथलं गाजरगवत उपटलं, तेव्हा हा नाक पुसत शाळेत जात होता. आणि आता म्हणे, पासष्टीच्या पुढच्यांनी वर्षातून एकदा पंचवीसपैकी पंधरा चकत्या फोडून दाखवायच्या. नाही फुटल्या तर खुर्ची. सुरक्षेसाठी! तरुणांना हा नियम नाही. त्याच्या ऑफिसातली पोरं पंचवीसात सहा फोडतात आणि वर फोटो टाकतात. ते सुरक्षित, मी धोकादायक.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना सांगते. समोर खड्ड्यात मशीन असतं. आपण ‘पुल!’ म्हणून ओरडायचं, की बशीएवढी मातीची चकती सुसाट उडते. डावीकडे की उजवीकडे, ते आधी कळत नाही. ती हाताबाहेर जायच्या आत छर्‍याच्या दुनळी बंदुकीने उडवायची. मी सदुसष्ट वर्षांची आहे आणि माझे केस काळे होते तेव्हापासून हेच करते आहे. राज्याची पदकं आहेत माझी. शाळेत पी.टी. शिकवली, रिटायर झाले, नवरा गेला, लेक लग्न होऊन बेंगळुरूला गेली, पण रविवार सोडला नाही. सांगवीहून ॲक्टिव्हा काढायची, तोंडाला स्कार्फ गुंडाळायचा आणि मोशीच्या ट्रकवाल्यांना शिव्या देत चाकण गाठायचं. बंदुका क्लबच्या कुलपातच असतात. हा एक रविवार काढून घेतला तर माझ्याकडे राहतं काय? टीव्ही आणि बीपीची गोळी.

नियमाचा पहिला बळी अजीजभाई. दापोडीत त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. क्लब उभा करणार्‍यांतले आम्ही दोघंच उरलोय, आणि खरं सांगायचं तर नेम त्यांचाच चांगला. दिवाळीत त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. जानेवारीत परीक्षेला उभे राहिले आणि नऊ चकत्या फोडल्या. नऊ! ज्या माणसाने एकदा पंचवीसच्या पंचवीस उडवून नंतर घरी जाऊन दुकान उघडलं होतं, त्याने नऊ. बंदूक पुसली, कपाटात ठेवली आणि मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसले.

“अहो, भांडा की!” मी म्हटलं. “पुन्हा घ्या म्हणा परीक्षा.”

“डोळा गेला, ताई. अल्लाची मर्जी.”

“अल्लाला काय करायचंय तुमच्या चकत्यांशी?”

ते नुसते हसले. मला त्या हसण्याचा असा संताप आला की मी त्यांच्याशी बोलणंच सोडलं. ते मात्र दर रविवारी यायचे, आपली बंदूक पुसायचे आणि खुर्चीत बसायचे. त्यांच्या घरून बिल्किसभाभी डब्यात खिमा-पाव द्यायच्या, तो माझ्या ॲक्टिव्हाच्या हँडलला लटकवून ठेवायचे. मी खायचे. बोलायचे नाही.

आणि मग माझ्याच चकत्या फुटेनाशा झाल्या. बारा, दहा, आठ. बार बरोबर वेळेला निघायचा, चकती आपली मजेत पुढे. मी आधी काडतुसांना शिव्या घातल्या. कंपनीने दारूत भेसळ केली म्हटलं. मग मशीन चालवणार्‍या समाधानला एकट्याला गाठून धरलं. समाधान परभणीकडचा, आठवडाभर कारखान्यात शिफ्ट करून रविवारी खड्ड्यात बसतो. “स्प्रिंग आवळलीस ना रे तू? निरंजनने सांगितलं ना?” तो बापडा म्हणायचा, “आई शप्पथ न्हाई हो ताई, कालच्यावानीच हाय.” डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, ते म्हणाले मोतीबिंदूचं ऑपरेशन झकास झालंय, डोळे पंचविशीतले आहेत. मग मी डॉक्टरांनाही मनातल्या मनात शिव्या घातल्या. निरंजन तर टपलेलाच. “काकू, रिॲक्शन टाइम कमी होतो हो वयाने. नॅचरल आहे.” नॅचरल म्हणे!

मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं असतं. पण मला चारचौघांत बोलता येत नव्हतं. त्याचं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

जानेवारीत माझे सगळे दात काढले. वरची, खालची, दोन्ही कवळ्या बसवल्या. पहिल्याच रविवारी बार उडाला, धक्का बसला आणि खालची कवळी टुणकन गवतात. नशीब, कुणी बघितलं नाही. त्या दिवसापासून शेडमागे जाऊन दोन्ही कवळ्या काढायच्या, रुमालात बांधून खिशात टाकायच्या आणि स्कार्फ तोंडावरून सोडायचाच नाही, असं सुरू केलं. पुण्यात बायका अंघोळीला जातानाच तेवढा स्कार्फ सोडतात, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. तोंडातून ‘पुल’ एवढंच काढायचं. बिनदाताच्या तोंडाने भांडलं तर लोक हसतात. त्यामुळे मी गप्प, आणि निरंजन सगळ्यांना सांगत सुटला, “काकू हल्ली किती शांत झाल्यात, नाही?”

एप्रिलच्या दुसर्‍या रविवारी माझी परीक्षा. ऊन असं की खाणीचा दगड तापून डोळ्यांत घुसत होता. निरंजन पॅड घेऊन मागे उभा. त्याच्या ऑफिसातली स्वरूपा नावाची पोरगी मोबाइल काढून तयार. अजीजभाई खुर्चीत. मी कवळ्या काढल्या, स्कार्फ घट्ट केला आणि उभी राहिले.

पहिल्या दहांत तीन फुटल्या.

उरलेल्या पंधरांत बारा हव्या होत्या आणि मला आतून कळलं होतं की संपलं. तेवढ्यात मशीनमध्ये चकती फुटून अडकली. समाधान हात वर करून खड्ड्यात उतरला, “धा मिन्टं लागतील” म्हणाला. मी बंदूक उघडून रॅकवर ठेवली. आणि मागे बघते तर निरंजन दुसरी एक खुर्ची घेऊन येतोय. नवीकोरी. पाठीवर कागद चिकटवलेला. गाढवाने आधीच चिकटवून ठेवला होता!

“काकू, बसा,” तो अगदी हळू म्हणाला. “त्रास करून घेऊ नका. आपण उरलेल्या पंधरा पूर्ण करायलाच हव्यात असं नाही. मी फॉर्मॅलिटी सांभाळून घेतो.”

सांभाळून घेतो. मला!

माझ्या कानशिलांत रक्त उसळलं. मी स्कार्फ ओढून काढला, खिशातला रुमाल सोडला आणि सगळ्यांच्या देखत आधी वरची, मग खालची कवळी तोंडात बसवली. स्वरूपाचा मोबाइल खाली आला. निरंजनचा चेहरा पांढराफटक.

“आता ऐक,” मी म्हटलं. “तीन महिने तोंड दाबून बसले होते, आज सगळं ऐक. दात पडलेत माझे, अक्कल नाही पडली. माझी परीक्षा संपायच्या आत माझी खुर्ची आणतोस? एवढी घाई तर यमाला पण नसते रे! कुठल्या पुस्तकात लिहिलंय की सहा फोडणारं पोर सुरक्षित आणि अजीजभाईंसारखा माणूस नाही? पस्तीस वर्षांत ह्या माणसाच्या बंदुकीची नळी कधी कुणाच्या पायाकडेसुद्धा वळली नाही. तुझी पोरं बंदूक खांद्यावर टाकून सेल्फी काढतात, तेव्हा कुठे असतो तुझा नियम? आणि मला काकू म्हणायचं नाही! सुमनताई म्हण, नाहीतर मॅडम म्हण, नाहीतर गप्प बस.”

“काकू... म्हणजे मॅडम, तसं नव्हतं...”

“कसं होतं ते मला कळतं. ती खुर्ची उचल आधी.”

अजून पुष्कळ बोलायचं होतं, पण खड्ड्यातून समाधान ओरडला, “झालं, ताई! चालू!” कवळ्या काढायला वेळच नव्हता. गेल्या तर गेल्या खड्ड्यात. मी बंदूक भरली, रागाने दातांवर दात दाबले आणि दस्ता गालाला लावला.

“पुल!”

चकतीचा काळा धूर झाला.

फुटली असं नाही म्हणत मी. धूर! अशी कित्येक महिन्यांत उडाली नव्हती. चुकून लागली असेल म्हणून पुढची मागितली. धूर. तिसरी गेली, माझाच पाय सरकला. चौथी, पाचवी, सहावी खल्लास. नवव्या चकतीच्या वेळी बंदूक गालाला लावताना माझ्या लक्षात आलं आणि मी तशीच थांबले.

दस्ता गालावर टेकत होता. गेले तीन महिने तो टेकत नव्हता, गालात रुतत होता.

ह्या बंदुकीला मागे नेम धरायची खाच नसते. आपला डोळा हीच खाच. आणि डोळा किती उंचीवर येणार, ते गाल ठरवतो. दात काढले की गाल आत जातो, गाल आत गेला की डोळा खाली येतो आणि सगळे छर्रे चकतीच्या खालून जातात. हे मी नव्या पोरींना पहिल्या दिवशी शिकवते! हनुवटी धरून त्यांचा गाल दस्त्यावर टेकवते! आणि स्वतःचे गाल रुमालात बांधून खिशात टाकत होते, आणि त्या गरीब समाधानला चोर ठरवत होते. मला माझाच इतका राग आला की कवळी कराकरा वाजली. राग आला ते बरं झालं, दात आवळलेले होते म्हणून तर ती जागेवर होती.

शेवटून तिसर्‍या चकतीला पंधरा झाल्या. उरलेल्या दोन मी निरंजनच्या नावाने उडवल्या.

टाळ्या वाजल्या. स्वरूपा धावत येऊन म्हणाली, “मॅडम, कसलं भारी!” मी वळले आणि समोर अजीजभाई दिसले. खुर्चीत बसून तेही टाळ्या वाजवत होते. हसत होते. आणि हसताना त्यांचे गाल...

गाल होतेच कुठे! ऑपरेशननंतर माणूस निम्मा झाला होता. तोंडाची दोन्हीकडून खोबणी झाली होती. जानेवारीपासून ते माझ्यासमोर बसत होते आणि मी रुसून त्यांच्याकडे बघतच नव्हते.

मी तरातरा गेले आणि बोट त्यांच्या गालात खुपसलं. सगळ्यांसमोर.

“ताई! काय करता?”

“तुमचा डोळा गेला नाही, अजीजभाई. गाल गेलाय. उठा.”

“आता राहू द्या हो...”

“उठा म्हणते ना! समाधान, भाईंची बंदूक आण.”

निरंजन चाचरत म्हणाला, “पण मॅडम, त्यांची परीक्षा आता पुढच्या जानेवारीत...”

“परीक्षा मागितलीय कुणी? काडतुसं माझी, चकत्यांचे पैसे माझे. तू फक्त बाजूला हो.”

रुमालाच्या चार घड्या केल्या, अजीजभाईंच्या दस्त्यावर ठेवल्या आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली. ते बघत होते.

“हा तुमचा दातांचा रुमाल ना?”

“व्हय. धुतलेला नाही. लावा गाल.”

त्यांनी गाल लावला. मी समोर जाऊन रिकाम्या बंदुकीच्या नळीवरून त्यांचा डोळा बघितला. अजून खाली होता. माझा स्कार्फ फाडून अजून एक घडी घातली. आता डोळा वर आला, पूर्वीसारखा, शांत. मी मागे येऊन काडतूस दिलं.

पहिली चकती गेली. त्यांचे खांदे पडले. “बघा,” ते पुटपुटले. “बघते,” मी म्हटलं, “दुसरी मागा.”

“पुल.”

धूर.

अजीजभाई हलले नाहीत. बंदूक उघडली, रिकामं काडतूस गवतात पडलं. मग मागे न बघताच, वर्षानुवर्षं करायचे तसा उजवा हात माझ्याकडे पसरला, पुढच्या काडतुसासाठी. मी काडतूस ठेवलं. काहीतरी चांगलं सणसणीत बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण दोन्ही कवळ्या जागेवर असूनही मला बोलताच येईना.