वगळलेल्या दृश्याचं कारण

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी धुळ्याच्या विश्रामगृहात झुलाल आबांनी शकीलचा अहिराणी चित्रपट एकही दृश्य न कापता मंजूर केला. आबा चोपड्याकडचे माजी आमदार. निवडणूक हरल्यावर पक्षाने त्यांना चित्रपट तपासणी समितीचं अध्यक्ष केलं होतं. शुक्रवारी बारा वाजता जळगावात चित्रपटाचा पहिला खेळ होता. शकील आणि त्याची बायको रुखसार, जी संकलनही करते, तीन वर्षं या तारखेसाठी थांबली होती.

सहीसाठी पेन उघडून आबा थांबले. चोपड्याच्या बाजारात चित्रीकरण झालं तेव्हा मंजुळाबाई नावाची भाजीवाली चित्रपटातल्या आमदाराला काहीतरी विचारत होती आणि दोनशे माणसं बघत होती, असं त्यांच्या कानावर होतं. ते आज दिसलं नाही.

ते इकडे पाठवण्याआधी आम्हीच काढलं, असं शकीलने सांगितलं.

"काय विचारते बाई?"

"दवाखानाले कुलूप काबर शे? कुलूप का आहे, असं."

आबांच्या गावातल्या दवाखान्याला चार वर्षं कुलूप आहे.

"यात माझं काय आहे, शकीलभाऊ?"

"काही नाही, आबा."

"मग कापलं कशाला?"

लांबी वाढत होती, असं शकील म्हणाला. आबांनी रुखसारकडे वळून विचारलं, किती? तिने खरं ते सांगितलं, अठ्ठेचाळीस सेकंद.

"कात्री तुमची, आणि गावभर नाव माझं," आबा हसून म्हणाले आणि त्यांनी पेन बंद केलं. दृश्य कोणत्या कारणाने वगळलं ते लेखी द्यावं, सही लगेच होईल.

बुधवारी शकीलने 'कथेची गरज' असं लिहून दिलं. गरज तपासण्यासाठी समितीच्या कार्यालयाने दृश्य मागवलं. ते परत जोडतो म्हटल्यावर उत्तर मिळालं की मग चित्रपट नव्याने तपासावा लागेल आणि तारीख पुढच्या महिन्यातली मिळेल.

गुरुवारी साडेचारला जळगावच्या चित्रपटगृहाचे मालक निर्मलकुमार यांनी फोन केला. सहीसाठी सहापर्यंत थांबतो, नंतर दुसरा चित्रपट लावतो, असं ते म्हणाले. सव्वापाचला शकीलने कारणाच्या रकान्यात 'आम्ही घाबरलो' असं लिहिलं. रुखसारने ते दोनदा वाचलं आणि पाठवलं.

पाच बावन्नला कार्यालयाचं उत्तर आलं. कोणाला घाबरलात, ते नमूद करावे.