दादाच्या नावाचा कागद

माझ्या मोठ्या भावाला, काळुरामदादाला, बारा महिने उन्हाळी लागायची. दिवा गावाजवळ खाडीकाठच्या मिठागरात दिवसभर मीठ ओढणाऱ्याला लघवीची जळजळ व्हायचीच, असं आमची आई ठासून सांगे आणि त्याला धन्याजिऱ्याचं पाणी पाजे. मधूनच त्याला थंडी भरून ताप येई, कंबर धरून तो भिंतीला टेके. लग्नाला सात वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर फायनल पास झालेला शाळामास्तर!

पाळण्याचा दोष अर्थात बायजावहिनीचा. तिने काढे प्यायले, उपास केले, कुणी सांगेल त्या झाडाला फेऱ्या घातल्या. शेवटी बावन्न सालच्या चैत्रात आईने दादासाठी दुसरी मुलगी बघितली. दोन बायका करायला सरकारची बंदी झालेली, म्हणजे पहिलीला आधी मोकळी करायला हवी. आमच्यात पंचांसमोर गवताची काडी मोडली की नवराबायको सुटतात. कायदा बाईच्या भल्यासाठी केला होता म्हणे. वहिनीला त्याच कायद्याने घरातून उठवायची पाळी आणली.

पंच जमले तेव्हा वहिनी डोक्यावरचा पदर सावरत उभी राहिली आणि मुख्य पंच पंढरीला म्हणाली, "पंढरीमामा, जमीन सगल्यांनी तपासली. बी कोनी तपासलं काय? यांना ठान्याच्या डॉक्टरला दाखवा. कागद आना. खोट माज्यात निघली तं मी स्वतःच्या पायानं जाईन."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पण पंढरी माणूस न्यायाचा. तो म्हणाला, "कबूल. खोट काळूत निघली तं बायजा या घरातून हलनार नाय."

डॉक्टरांची भाषा कळावी म्हणून दादाबरोबर मला धाडलं. ठाण्याच्या त्या डॉक्टरांनी दादाची जळजळ, ताप, कंबर, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "लघवीच्या पिशवीखाली पुरुषाला मोठ्या सुपारीएवढी एक गाठ असते. तिथे जंतू घर करून बसतात आणि बीज नासवतात. यात लाजण्यासारखं काही नाही, सरळ वागणाऱ्यालाही होतं. पेनिसिलिनच्या सुया, गोळ्या, थोडा धीर. बऱ्याच जणांना मुलं होतात नंतर. आधी वीर्य तपासू." आणि त्यांनी दादाच्या हातात एक बाटली दिली.

दवाखान्याच्या मागच्या अंगणात दादाने मला गाठलं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"गोप्या, जंतू निघले तं गाव काय बोलंल? काळूला गरमीचा रोग लागला, काळू बाहेरची करतो. मी मुंबईचं तोंड नाय बघितलं रे कधी! तू दे."

"अरे दादा, तपासणी तुझी आहे."

"आपून एकाच आयच्या पोटचे. घरचं बी एकच. तुजं काय नी माजं काय."

तो मला फसवत नव्हता. एका कणगीतलं भात कुठल्याही खाचरात तेच उगवतं, हे त्याला जसं ठाऊक होतं तसंच हेही. आणि बाप गेल्यावर ज्याने मीठ ओढून मला शिकवलं, त्याला 'नाही' म्हणायची जीभ मला नव्हती. बाटली मी घेतली. त्या घटकेला वहिनी माझ्या मनातही आली नाही, हे मी आज लपवत नाही.

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. पू नाही, जंतू नाहीत, बीज उत्तम. "मग ती जळजळ उन्हाचीच असेल," ते जरा नवल करत म्हणाले आणि कागदावर नाव लिहिलं: काळुराम.

परतीच्या वाटेवर मी दादाला सांगू लागलो, की तुझ्या एकट्याची पुन्हा तपासणी करू, सुया घेऊ, कुणाला कळणार नाही. तो खरंच चकित झाला. "कागदात काय नाय निघलं, तं सुई कशाची?" घरी येईपर्यंत त्याचा कागदावर पुरा विश्वास बसला होता. त्या रात्रीही तो कण्हत तीनदा उठला, आणि मी पांघरुणात तोंड घालून पडून राहिलो.

पंचांपुढे कागद मलाच वाचायला लावला. वाचला. वहिनीकडे बघितलं. तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला होता. कुणी मारलं असतं तर ती भांडली असती. हा कागद तर तिनेच मागितला होता.

"हा कागद दादाचा नाही," मी ओरडलो. "बाटली माझी होती! दादाच्या गाठीत जंतू आहेत, त्याला सुया द्या, वहिनीला ठेवा!"

मग पंढरी हळूच हसला. "वहिनीच्या हातचं जेवला तो. दिराला माया आली. बरोबर हाय."

"मामा, शपथ घेतो! दादा, तू सांग ना रे!"

दादाने मान वर केली नाही. "कागदावर नाव माजं हाय," तो पुटपुटला.

"पुन्हा तपासा! ठाणं काय लांब आहे?"

"आनि पुन्यांदा हेच निघलं तं?" पंढरी आता चिडला. "खोट निघंपर्यंत तपासत बसाचं काय?"

मी वहिनीपाशी गेलो. म्हटलं, ही तरी मानेल, हिचंच तर सगळं जातंय. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. डोळे भरले होते तिचे, माझ्यासाठी.

"भावोजी, बसा खाली. माज्यासाठी देवासारख्या भावाला खोटं पाडू नका. शिकलेला मानूस तुमी, चार लोकांत खोटं बोलू नका."

"वहिनी, खरं सांगतोय मी!"

"खरं त्या कागदात हाय," ती म्हणाली. आणि खाली वाकून गवताची काडी तिनेच उचलली आणि पंढरीच्या हातात दिली.