विलीनं घातलेली लिमिट

काहीही वाया घालवायचं म्हटलं की अँड्र्यू पपांच्या जिवावर यायचं. शर्ट फाटला तरी त्याची बटणं काढून डबीत ठेवणारा हा माणूस. बायको मार्था गेली तशी मुलगी जीन त्यांना वसईहून दुबईला, अल मनखूलच्या आपल्या व्हिलात घेऊन आली. आणि तिथे पपांनी एकच हेका धरला. घरात एकटा असताना एसी लावायचा नाही.

"एका म्हाताऱ्यासाठी तुमचं बिल कशाला वाढवायचं?"

जीन ऑफिसात, जावई विली सोलरच्या कंपनीत, नात सोफिया शाळेत. जूनची भट्टी पेटलेली आणि पपा दिवसभर पंख्याखाली बनियनवर. एक दिवस सोफिया शाळेतून आली तर आजोबा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेले, ओठ कोरडे ठाक, तोंडातून शब्द फुटेना. जीन आधी घाबरली, मग रडली, मग भरपूर ओरडली. पपा कानकोंडे झाले.

"मला वसईला पाठव बाई. तुमच्या डोक्याला ताप नको."

वसईला होतं काय? बंद घर आणि भिंतीवर मार्थाचा फोटो. पण पपा एकदा बोलले की बोलले, त्यांनी बॅगही भरायला घेतली.

दोन दिवसांनी चहा पिताना विली म्हणाला, "पपा, जायच्या आधी एक प्रॉब्लेम सोडवा. आपल्या छपरावरच्या सोलरची जास्तीची वीज बाहेर सरकारी ग्रिडला जायची ना, आता नवीन रूल आलाय. एक्स्पोर्ट लिमिट, म्हणजे बाहेर किती पाठवायची त्यावर मर्यादा. आपली लिमिट झीरो. दुपारी घरात वापरली तर वापरली, नाहीतर खलास."

"खलास म्हणजे?"

"वाया."

पपांचा कप हातातच राहिला. "रोज?"

"रोज. तुम्ही गेलात की दुपारी घरात वापरायला असणार कोण?"

झालं! बॅग पलंगाखाली गेली. दुसऱ्या दिवसापासून ऊन चढलं की पपा कामाला लागायचे. हॉलचा एसी चालू, कपड्यांचं मशीन चालू, आणि ओव्हनमध्ये मार्था नाताळात करायची तो रव्याचा केक. पहिला करपला, दुसरा बसला, तिसरा असा जमला की सोफियानं ताटली चाटूनपुसून साफ केली. "ग्रँडपा, टुमॉरो अगेन, प्लीज!" पपांचे गाल भरले. वसईचा विषय निघेना. एवढी वीज कुणाच्या भरवशावर टाकून जायचं?

सप्टेंबरात ते शेजारच्या लतिकाला केक द्यायला गेले. तिच्याही छपरावर विलीनंच पॅनल बसवले होते.

"अंकल, इतका केक? ओव्हन रोज चालतो की काय?"

"काय करणार? दुपारची वीज वाया जाते ना. तो लिमिटचा रूल आलाय."

"कसला रूल? आमची तर मस्त बाहेर जाते आणि बिलातून वजा होते. विलीनंच सेटिंग करून दिलंय."

पपा घरी आले. एसी चालू होता, हॉल गार होता. ते सोफ्यावर बसले आणि त्यांच्या डोक्यात सगळा उजेड पडला. आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग इतकं भरून आलं की त्यांनी एकट्यानंच डोळे पुसून घेतले. आपल्याला थंडाव्यात बसवायला पोरानं चांगली चाललेली वीज मुद्दाम अडवून ठेवली होती, आणि इतक्या दिवसांत तोंडातून ब्र काढला नव्हता. सख्खा मुलगा याहून वेगळं काय करतो?

संध्याकाळी विली बूट काढत होता तेव्हा पपा त्याच्यासमोर केकची बशी घेऊन उभे राहिले.

"विली, ती लिमिट काढ."

विलीचा हात बुटावरच थांबला. जीन चटकन स्वयंपाकघराच्या दारात आली. दोघांच्याही मनात पलंगाखालची बॅग आली.

"पपा, आणि एसी?" विलीनं भीतभीत विचारलं.

"एसी लावणार मी. केकही करणार," पपा म्हणाले आणि बशी त्याच्या हातात दिली. "पण उरलेली जाऊ दे बाहेर. आपलं बिल उगाच कशाला वाढवायचं?"