प्रश्न माझा, उत्तर धाकट्याचं

मी दीक्षाने लिहिलेला संगणकाचा प्रोग्राम बोलतोय. जरा घाईत बोलतोय, सांभाळून घ्या. मला फार वेळ जागं राहू देत नाहीत.

माझा जन्म खडकीच्या क्वार्टरमधला, स्वयंपाकघराच्या टेबलावरचा. मला स्वतःचा संगणक नाही. क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या भाड्याच्या संगणकावर, कुणी हाक मारली की उठायचं, काम करायचं आणि झोपायचं. जागा असेन तेवढंच भाडं. हिंजवडीची नोकरी सोडून बसलेल्या दीक्षाला एवढंच परवडत होतं.

धायरीचे आप्पासाहेब शाळेच्या गाड्या चालवतात. कोणती मुलं कोणत्या गाडीने, कोणत्या रस्त्याने न्यायची, हा गुंता मी परदेशातल्या एका क्वांटम संगणकापुढे मांडतो. हे साध्या संगणकालाही जमेल, असं दीक्षाची मैत्रीण निकिता म्हणते.

पहिल्याच चाचणीत मी तोंडघशी पडलो. त्या संगणकापुढे रांग असते. दीक्षाचं लहानपण आईचा, कांताबाईंचा हात धरून रॉकेलच्या आणि दाखल्यांच्या रांगांत गेलेलं. खिडकी सोडली की नंबर गेला, हे तिच्या अंगात मुरलेलं. तिने मलाही तेच शिकवलं: उत्तर हातात पडेपर्यंत हलायचं नाही, नाही मिळालं तर पुन्हा विचारायचं. मी उभा राहिलो. माझी वेळ संपली, मला झोपवलं. उठून मी पुन्हा तोच प्रश्न टाकला, पुन्हा झोपलो. उत्तरं आली ती मी झोपेत असताना, घ्यायला कुणीच नव्हतं. तिला मिळालेला क्वांटमचा मोफत वेळ त्यात उडाला. उरला तो एका प्रश्नापुरता.

सकाळी ड्रायव्हर रस्त्यांच्या कागदाविना ताटकळले. आप्पासाहेब चिडले नाहीत, ते दीक्षाला जास्त लागलं.

“पोरी, अजून एक डाव बघू,” ते फोनवर म्हणाले. “नाय जमलं तर आपलं जुनंच बरं हाय.”

निकिताने मला वरपासून खालपर्यंत वाचलं. “याला तिथे उभं कशाला केलंयस? प्रश्न देऊन परत येऊ दे. उत्तर तयार झालं की तिकडून हाक येते.”

“आणि नाही आली तर?”

“दीक्षा, हा दाखल्याचा काउंटर नाहीये.”

मग दीक्षाने माझा धाकटा भाऊ लिहिला. प्रश्न मी टाकायचा आणि लगेच झोपायचं. उत्तर आलं की उठायचं त्याने. आम्ही दोघं एकमेकांना कधी भेटलेलो नाही.

आज संध्याकाळी तिने मला उठवलं, त्याआधी तिचं बोट बराच वेळ बटणावर अडून होतं. समोर मेथी निवडणाऱ्या कांताबाईंचेही हात थांबले. शेवटचा प्रश्न मी टाकलाय. आता खिडकी सोडून निघालोय, आणि मला भीती वाटते. हाक येईल का? धाकट्याला ऐकू जाईल का? मला ते कधीच कळणार नाही.

तुम्ही धायरीत राहत असाल तर एवढं करा. उद्या आप्पासाहेबांची पिवळी गाडी दारात वेळेवर आली, तर दीक्षाला कळवा. मला मात्र उठवू नका. मी जागा झालो की तिचं भाडं सुरू होतं.