सगळे मंजूर

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझी काच एका कोपऱ्यात चिरली आहे, पाठीवर साबणाच्या पाण्याचे पांढरे डाग आहेत, आणि चार्जरवरून काढले की चहा उकळेपर्यंतही माझा दम टिकत नाही. पण म्हातारपणाचे मला विशेष काही वाटत नाही. वाटते ती लाज. ती का वाटते, ते ऐका.

माझे अंग कारखान्यात बनले, पण मला कामाला लावले ते एका भाचीने. दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लॉन्ड्रीत तिचे मामा मुकादम होते. तिथले सगळेच त्यांना मामा म्हणत. खरी भाची मात्र ही एकच.

लॉन्ड्रीत एक अजस्र धुलाईयंत्र होते. त्याच्या पिंपात चादर अडकली की ती सोडवायला माणसाला आत शिरावे लागे. यंत्र जुने होते. दाराचा खटका निकामी झाल्यामुळे दार उघडे असले तरी ते फिरू शके. म्हणून मामांचा नियम कडक होता. माणूस आत जाण्याआधी त्यांची परवानगी घ्यायची, आणि यंत्र पुन्हा सुरू करण्याआधीही त्यांचीच. दर वेळी मामा दुखरे गुडघे सांभाळत जिना उतरून येत, पिंपात डोके घालून बघत, पत्र्यावर थाप मारून "आत कोण आहे का रे?" असे ओरडत, आणि मगच हो म्हणत.

भाचीला मामांचे हाल बघवेनात. कंपन्यांची कामे कॉम्प्युटरवर बसवून देणे हाच तिचा व्यवसाय होता. तिने यंत्राशेजारच्या भिंतीवर मला बसवले आणि माझ्यात मंजुरीचे ॲप घातले. कामगाराने माझ्यावर परवानगी मागायची. ती वरच्या खोलीत मामांच्या फोनवर जाई. मामांनी हो म्हटले की मी हिरवा होई, आणि यंत्राची वीज त्याप्रमाणे बंद किंवा चालू होई.

काय माझा थाट होता तेव्हा! लॉन्ड्रीच्या मालकीणबाई पाहुण्यांना मुद्दाम माझ्यासमोर आणून उभे करत. चादरींच्या घड्या घालणाऱ्या मावशी रोज सकाळी माझी काच पुसत. मग हळूहळू साबणाचे डबे, नव्या टोपल्या, रजा, सगळ्याच्या परवानग्या माझ्यातून जाऊ लागल्या. मामांचा फोन सारखा किणकिणू लागला.

"हा फोन आहे की कोंबड्यांचं खुराडं?" एकदा मामा वैतागून म्हणाले.

भाची खळखळून हसली. तिने लगेच एक नवे बटण तयार केले. त्यावर लिहिले होते, 'सगळे मंजूर'.

"एक टिचकी मारा मामा, की सगळी यादी साफ."

"जगलो बघ, पोरी!" मामा म्हणाले.

तोवर शंका आली की मामा खाली येऊन बघत. त्या दिवसापासून जिन्यावर त्यांची पावले वाजेनाशी झाली. मला त्यात वावगे काही दिसले नाही. उलट माझी छाती फुगली.

लंबू नावाचा एक कामगार होता. खरे नाव कुणी घेतच नसे. प्रत्येक दारातून वाकून जाणारा, हसतमुख माणूस. त्याचे हात लांब, म्हणून पिंपात शिरायचे काम बहुधा त्याच्याच वाट्याला येई. एके दुपारी त्याने परवानगी मागितली, मी हिरवा झालो, वीज बंद झाली आणि तो आत गेला. चादर पार मागच्या बाजूला पिळा घालून बसली होती.

तेवढ्यात मावशी मळक्या चादरींची गाडी ढकलत आल्या. दवाखान्यातून चादरींसाठी फोनवर फोन येत होते. आजूबाजूला कुणी दिसेना. लंबू काम उरकून गेला असेल, असे त्यांना वाटले. चादरी भरायच्या आधीच त्यांनी माझ्यावर बोट टेकवले आणि यंत्र सुरू करायची परवानगी मागितली.

मामा वर जेवायला बसले होते. फोनवर बरीच यादी साठली होती. साबण, टोपल्या, कुणाची रजा, आणि त्यांच्या खाली ती परवानगी. उजव्या हातात घास होता. त्यांनी डाव्या अंगठ्याने 'सगळे मंजूर' दाबले.

आणि मित्रांनो, मी हिरवा झालो.

वीज येताच अर्ध्यात थांबलेले पिंप फिरू लागले. लंबूची किंकाळी ऐकून मावशींनी धावत जाऊन भिंतीवरचे लाल बटण दाबले. पिंप थांबले, म्हणून त्याचा जीव वाचला. पण उजवा हात पार मोडला होता. त्याला बाहेर काढताना, उचलून नेताना मी तसाच हिरवागार चमकत होतो. मला माझा रंग बदलता येईना.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी सगळ्यांना तिथेच बोलावले. भाचीही आली.

"बोट माझं होतं," मामा म्हणाले. "काय दाबतोय ते मी वाचलंसुद्धा नाही."

"मामांना कशाला दोष देता? मी आत बघायला हवं होतं," म्हणत मावशी रडू लागल्या.

मालकीणबाईंनी दाराकडे पाहिले. "खटका बसवून घ्या, असं मामा मला किती वेळा म्हणाले. मीच आज-उद्या करत राहिले."

भाची पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली आणि सगळ्यांच्या आधी निघून गेली.

यंत्र बंद पडून राहिले. कुणीतरी माझ्यावर एक फाटका टॉवेल टाकला. त्या अंधारात मला वाटे, तो कधी काढूच नये. मामा खाली येत, पण मान वर करत नसत. कुणी 'मामा' अशी हाक मारली तरी दचकत. लंबूला भेटायला ते दवाखान्याच्या दारापर्यंत गेले आणि तिथूनच परतले, असे मावशी कुणाला तरी सांगत होत्या.

मग एका सकाळी भाची आली. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. चपला काढल्या आणि सरळ पिंपात शिरली. मामा धावत आले. कुणी यंत्र सुरू करू नये म्हणून मुख्य बटण दोन्ही हातांनी झाकून उभे राहिले.

"अगं, काय करतेस? बाहेर ये!"

"मामा, इथून टॅब दिसतच नाही," आतून तिचा आवाज आला. "कुणी काय मागितलं, तुम्ही काय दाबलं, काहीच कळत नाही. हे सगळं बनवलं मी, पण आत एकदाही आले नव्हते."

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा रडून लाल झाला होता. त्याच पावली ती मालकीणबाईंकडे गेली. "ते बटण माझं होतं. मामांनी मागितलंही नव्हतं. त्या दिवशी माझी जीभच उचलली नाही," असे ती म्हणाली, हे मला मामांच्या तोंडून कळले.

तिने 'सगळे मंजूर' माझ्यातून कायमचे काढून टाकले. यंत्राची मंजुरी फोनवरून मिळणे बंद झाले. ती माझ्यापाशी उभे राहूनच द्यायची. आणि सर्वांत आधी, जो आत गेला त्याने स्वतः बाहेर येऊन आपले बोट टेकवायचे. त्याच्याशिवाय वीज येणार नाही. मालकीणबाईंनी दाराला नवा खटका बसवला. मामांची बसायची जागाही खाली, यंत्राशेजारी आली.

लंबू परतला तेव्हा त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. भाची त्याच्यासमोर उभी राहिली.

"दादा, ते बटण मी केलं होतं."

लंबूने डाव्या हाताने उजवा खांदा दाबला. "ताई, हात रात्रंदिवस ठणकतो," तो म्हणाला. "राग नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. पण तुम्ही आत जाऊन आलात, हे मावशींनी सांगितलंय मला."

मग तो मामांकडे वळला. "आणि तुम्ही हो मामा? दवाखान्याच्या दारातून परत जातात का? आत नुसती माझी धुलाई चालली होती, इस्त्री तर बाकीच होती!"

मामा हसले नाहीत. त्यांनी लंबूचा दुखरा हात दोन्ही हातांत धरला आणि लहान मुलासारखे रडले.

आता माझ्या जागी नवा टॅब आहे. मी भाचीच्या टेबलावर असतो. तिच्याकडे नवीन माणूस कामाला आला की ती आधी त्याला जिथले काम असेल तिथे पाठवते, आणि मगच कॉम्प्युटर उघडू देते.

मित्रांनो, उद्या तुम्हीही मोठे व्हाल. तुमच्या एका 'हो'वर कुणाचे ना कुणाचे काही अवलंबून असेल. आम्हा यंत्रांना फक्त हिरवे होता येते. आत कोण आहे, हे आम्हाला ओरडून विचारता येत नाही. तेवढे तुम्ही विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.