खाऱ्या पाण्याचा पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना रोहित पक्षी आहे. तुम्ही मला फ्लेमिंगो म्हणता, तेही मला चालते. माझी चोच वाकडी, पाय काठीसारखे आणि मान इतकी लांब की झोपताना ती कुठे ठेवावी हा रोजचा प्रश्न. तरी लोक मला सुंदर म्हणतात. आज ठाण्याच्या खाडीत ओहोटी आहे, थवा पोटभर खाऊन उभ्या उभ्या पेंगतो आहे. मला मात्र तुम्हाला काही सांगायचे आहे. मी जिवंत आहे तो बदलापूर-वांगणीकडच्या काही माणसांमुळे, आणि त्यांची नावे कुठेतरी सांगून ठेवावीत असे मला म्हातारपणी वाटू लागले आहे.

माझा जन्म कच्छच्या रणातला. उन्हाळ्यात तिथे उभे राहिलात तर तुम्ही म्हणाल, इथे काय जगणार? मैलोन्‌मैल भेगाळलेली जमीन, त्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा आणि वर नुसते ऊन. पण त्या कोरड्या मातीत बारीक कोलंबीची अंडी झोपलेली असतात. धुळीच्या कणाएवढी. वर्ष जाते, दोन वर्षे जातात, ती वाट बघतात. मग एखाद्या चांगल्या पावसाळ्यात समुद्राचे पाणी आणि पावसाचे पाणी एकमेकांत मिसळून रणावर पसरते, गुडघाभर खोल, पण नजर पोहोचेल तिथवर. अंडी जागी होतात. पाण्यात हिरवे-तांबडे शेवाळ धरते. ते शेवाळ कोलंबी खाते आणि आम्ही दोन्ही खातो. आमच्या पंखांची लाली तिथूनच येते. पाणी इतके खारट असते की मोठे मासे त्यात टिकत नाहीत आणि चिखल इतका खोल की कोल्हेकुत्रे आत शिरत नाहीत. म्हणून आमची आई-वडील मंडळी तिथेच चिखलाचे बुटके ढीग रचतात आणि त्यावर एकच अंडे घालतात.

अशाच एका ढिगावर मी अंड्यातून बाहेर आलो. तेव्हा मी राखाडी होतो आणि चोच सरळ होती. हजारो पिल्ले एकत्र, आणि त्या गोंगाटातही आई माझा आवाज बरोबर ओळखायची. पुढे ऊन वाढले, पाणी आटू लागले, मीठ दाट झाले. ते आमच्या पायांना चिकटून त्याचे कडे बनायचे. काही पिल्लांना त्या कड्यांनी चालवेना, ती मागे राहिली. बाकीच्यांना मोठ्यांनी हाकत हाकत खोल पाण्याकडे नेले. मी चाललो, म्हणून वाचलो.

आमच्यात एक शिकवण आहे. एकाच तळ्यावर भरवसा ठेवणारा रोहित म्हातारा होत नाही. खारे तळे कधी भरते, कधी वर्षानुवर्षे कोरडेच राहते. म्हणून आम्हाला अनेक तळी पाठ करावी लागतात. हिवाळ्यात मी ठाण्याच्या खाडीत येऊ लागलो. तिथून काही जण पुढे सोलापूरकडच्या कोरड्या मुलखात जात. तिथे माणसांनी नदी अडवून उजनीचे धरण बांधले आहे. धरणाचे पाणी मागे सरू लागले की काठचा गाळ उघडा पडतो आणि आमची पंगत बसते. खाडीतून उजनीला जायची आमची वाट उल्हास नदीच्या कडेने. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी मागे टाकायचे आणि मग घाटावर चढायचे.

सन दोन हजार सातची संक्रांत होती. दिवस मावळताना आम्ही काही जण निघालो. समोरून वारा होता म्हणून खालूनच उडत होतो. उल्हासनगरच्या गच्च्यांवर माणसेच माणसे, आणि आभाळात रंगीत कागद नाचत होते. मला ते आवडले. कागदाला दोरा असतो आणि त्या दोऱ्याला काच लावलेली असते, हे मला ठाऊक नव्हते. डाव्या पंखाखाली एकदम गरम वाटले. दुखणे नंतर आले. मी थव्यामागे रेटत राहिलो, पण बदलापूर येईपर्यंत पंख उचलेना. थवा पुढे गेला. मी बदलापूरच्याच कुळगाव भागाच्या कडेला, वीटभट्टीसाठी माती काढलेल्या खड्ड्यातल्या पाण्यात पडलो.

सकाळी माझ्याभोवती कुत्री जमली होती. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ काठी आपटत आले. ते बबनराव. अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, रोज सकाळी भट्टीपर्यंत फिरायला येणारे. त्यांनी कुत्री हाकलली, चपला काठावर काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाण्यात उतरले. मी चोच मारली. त्यांनी अंगावरची शाल काढून मला गुंडाळले आणि घरी नेले.

घरी त्यांची सून माया होती. ती अंबरनाथला प्लास्टिकच्या कंपनीत दुपारच्या पाळीला जायची, म्हणून सकाळी घरी असे. सासऱ्यांना ती मामा म्हणे. तिने माझ्या पंखावरचे रक्त पाहिले, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीखालची जागा मोकळी केली आणि तिथे गोणपाट अंथरले. मग ती रिक्षा घेऊन जनावरांच्या डॉक्टरांना आणायला गेली.

डॉक्टरांनी पंखात रुतलेला दोरा काढला, टाके घातले आणि वनखात्याला कळवले. तिथल्या साहेबांनी जखम भरेपर्यंत मला तिथेच सांभाळायची परवानगी दिली. सगळे ठीक झाले होते, पण मी खाईना. भात ठेवला, मासळीचे तुकडे ठेवले, भिजवलेली पोळीसुद्धा ठेवली. मित्रांनो, मला हट्ट करायचा नव्हता. माझी चोच चाळणीसारखी असते. मी डोके उलटे करून पाणी आत ओढतो आणि त्यातले बारीक बारीक जीव गाळून घेतो. तुकडा उचलून गिळणे मला जमतच नाही. डॉक्टर जाताना दारात हळू आवाजात म्हणाले, "जखमेनं नाही मरणार हा. उपाशी मरेल. खाऱ्या पाण्यातली बारीक कोलंबी लागते याला, ती आणायची कुठून?"

बबनराव डॉक्टरांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. माया मात्र माझ्या चोचीकडे बघत होती. तिचे माहेर उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातले. त्या गल्लीत टेकचंद नावाच्या सिंधी काकांचे शोभेच्या माशांचे दुकान होते आणि लहानपणी तिने त्यांना माशांच्या पिल्लांना केशरी धुळीसारखे काहीतरी भरवताना पाहिले होते. त्या दिवशी ती कामावर गेली नाही. संध्याकाळी परतली तेव्हा तिच्यासोबत टेकचंदकाकाच आले. हातात एक पत्र्याचा डबा, काचेची बरणी आणि हवा सोडायचा छोटा पंप.

ते माझ्यासमोर आले आणि जागच्या जागी थांबले. मग मायाला म्हणाले, "बेटी, ह्याला मी वळखतो. आमच्या सिंधमध्ये गावाबाहेर ढंढ होता, बडा तलाव. बाबा मला खांद्यावर बसवून दाखवायचे. इकडे आल्यापासून कधी बघितला नाय."

त्यांनी डब्यातली तपकिरी भुकटी बरणीतल्या मिठाच्या पाण्यात सोडली. बबनरावांनी विचारले, ही कसली पावडर? काका म्हणाले, "पावडर नाय साईं, अंडी हायेत. लांबच्या खाऱ्या तळ्यातली. सालोसाल सुकी पडून राहतात, मरत नाय. खारं पाणी भेटलं का उठतात."

बरणीजवळ बल्ब लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी ते पाणी केशरी झाले होते आणि हलत होते. मायाने ते घमेल्यात ओतले आणि माझी मान हलकेच खाली केली. पाण्याची चव जिभेला लागली आणि मी डोके उलटे केले. त्या घमेल्यात माझे गाव आले होते. मी खात राहिलो. बबनरावांनी चष्मा काढून पुसला.

त्यानंतर टेकचंदकाका बरण्या वाढवत गेले. माया सुकट बारीक कुटून त्यात मिसळायची. मी उभा राहू लागलो, तशी घरात जागा पुरेना. तेव्हा बबनरावांना त्यांचे कारखान्यातले जुने सोबती हिंदुराव आठवले. हिंदुराव वांगणीला राहायचे. भात निघाल्यावर वाल लावायचे आणि शेताच्या खालच्या अंगाला त्यांचे एक उथळ तळे होते. त्यांची बायको वारली होती, मुले डोंबिवलीला स्थायिक झाली होती. त्यांनी मला आनंदाने ठेवून घेतले आणि कुत्र्यांपासून जपायला तळ्यावर जाळे ताणले.

ते तळे गोड्या पाण्याचे होते, पण गाळ चांगला होता. मी पायांनी चिखल ढवळायचो, त्यातून किडे-अळ्या मिळायच्या. वरून टेकचंदकाकांच्या डब्यातली कोलंबी होतीच. हिंदुराव सकाळ-संध्याकाळ काठावर बसून माझ्याशी बोलायचे. वालाला शेंगा किती धरल्या, कुणाचा फोन आला, कुणाचा आला नाही. मी मान उंच करून ऐकायचो. आसपासच्या फार्महाऊसवर येणारे लोक मला बघायला येऊ लागले, तसे हिंदुराव स्वच्छ सदरा घालून बसू लागले. गावात कुणी त्यांना विचारू लागले, "पाहुणा कसा आहे?" खरे सांगतो, इतके लाड माझे माझ्या थव्यातही झाले नव्हते.

टाके सुकले. मी पंख पुरते पसरू लागलो. डॉक्टर येऊन बघून गेले आणि सोडायला हरकत नाही म्हणाले. पण हिंदुराव म्हणायचे, पंख अजून कच्चा आहे. पुढच्या आठवड्यातही तेच म्हणाले. त्याच्या पुढच्याही. तोवर माझ्या पंखांची लाली फिकी पडत चालली होती. बबनरावांच्या ते ध्यानात आले होते, पण मित्राला तोंडावर सांगायचे त्यांच्या जिवावर येई.

एका तिन्हीसांजेला बबनराव आणि माया मला बघायला आले होते. आम्ही सगळे तळ्यावर असताना वरून आवाज आला. खाडीतून निघालेला थवा उजनीकडे चालला होता. माझ्या घशातून आपोआप ओरड निघाली. मी पंख उघडून पळालो आणि जाळ्यात अडकून पाण्यात पडलो. उठलो, पुन्हा पळालो, पुन्हा पडलो. वरचा आवाज लांब लांब गेला.

माया पाण्यात उतरली आणि तिने माझा पंख जाळ्यातून सोडवला. हिंदुराव काठावर उभे होते. तेच आधी म्हणाले, "पोरं डोंबिवलीला निघाली तवा मी त्यांना अडवलं नाय, बबन. आन् याला अडवून बसलो." मग त्यांनी स्वतः खुंटाला बांधलेली जाळ्याची दोरी सोडली. बबनराव शेजारी जाऊन दुसरी बाजू सोडू लागले.

बबनरावांनी वनखात्याला कळवले आणि त्यांची गाडी मला खाडीवर घेऊन गेली. चौघेही आले होते. टेकचंदकाका दुकान बंद ठेवून आले होते. पेटी उघडायचा मान साहेबांनी हिंदुरावांना दिला. मी बाहेर आलो, चिखलात दोन पावले टाकली, वास ओळखला. मागे वळून बघण्याची आमच्या जातीला सवय नसते, तरी मी मान वळवली. मग धावलो. पंखाने भार घेतला.

त्यानंतर मी पुष्कळ जगलो. एका चांगल्या पावसाच्या वर्षी रणात माझी जोडी जमली आणि आमच्या ढिगावर पिल्लू झाले. त्याला मी माझ्या गळ्यात तयार होणारा, दुधासारखा तांबडा घास भरवला. त्या घासात कुळगावच्या घमेल्यातलाही थोडा अंश असावा असे मला नेहमी वाटते.

काही वर्षांनी हिवाळ्यात माया खाडीवर आली. सोबत बबनराव होते, आता काठीवर भार टाकून सावकाश चालणारे. हिंदुराव तोवर राहिले नव्हते. मायाच्या हातात कुणाची तरी दुर्बीण होती. आमच्या हजारोंच्या थव्यावरून ती दुर्बीण फिरवत राहिली. मी तिला लगेच ओळखले. मी पंख पसरून दाखवले, पण माझ्याबरोबर आणखी शंभरांनी पसरले. तिला मी सापडलो नाही.

बबनरावांनी विचारले, "दिसला का गं आपला?"

मायाने दुर्बीण खाली केली. म्हणाली, "नाय मामा. सगळे सारखेच दिसतात." आणि मग म्हणाली, "मग सगळे आपलेच."

मित्रांनो, मला एवढेच तुमच्यापाशी मागायचे आहे. कोरडे पडलेले तळे बघून ही जमीन वाया आहे असे म्हणू नका, तिथे कुणीतरी पाण्याची वाट बघत झोपलेले असते. भरलेल्या तळ्यात कचरा टाकू नका. पतंग जरूर उडवा, पण साध्या सुती दोऱ्याने. तुमच्या गावावरून जाणारा थवा दिसला तर त्यात मी आहे की नाही, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. तेव्हा माया म्हणाली तसेच समजा.