वृंदावनातली स्टीव्हिया

मी स्टीव्हिया बोलतेय. सानपाडा गावात गोटीरामांच्या दारात जे तुळशी वृंदावन आहे ना, त्यात मी उभी आहे. पण मी तुळस नाही. माझं पान गोड लागतं आणि त्याने माणसाच्या रक्तातली साखर वाढत नाही. एवढी एकच कला मला येते.

गोटीरामांना मधुमेह निघाला. फिका चहा पिताना त्यांचं तोंड बघवत नसे, म्हणून सून भाविकाने वाशीच्या नर्सरीतून मला आणलं. नेमकी तेव्हाच दारातली तुळस वाळली होती. सासूबाईंनी मला पाणी घालावं म्हणून भाविका हसत म्हणाली, "आई, ही पण तुळसच समजा."

सासूबाईंनी, म्हणजे यशोदाबाईंनी, ते मनावर घेतलं. मला वृंदावनात लावून हळदकुंकू वाहिलं. मी हुरळले, खोटं कशाला बोलू? पण चहासाठी भाविकाने हात पुढे केला तशा त्या ओरडल्या, "तोडू नको गो!"

"अहो आई, मी गंमत केली होती. ही बाबांच्या चहासाठी आणलीय."

"वृंदावनात बसली ना? आता ती देव हाय. त्यांना गूल दे. डॉक्टरनं साखर बंद केलीय, गूल नाय. गूल नॅचरल हाय."

गूळही रक्तात साखरच ओततो, हे मी कुणाला सांगणार? रोज माझं एक पान तोडलं जाई, तेही नैवेद्यासाठी. देवाला कुठे शुगर होती!

गोटीराम गुळाचा चहा घेऊन माझ्याशेजारी ओट्यावर बसत. एकदा त्यांनी हळूच माझी फांदी धरली, घरात डोकावून पाहिलं आणि सोडून दिली. बायकोचं मन मोडणं त्यांना जमलं नाही. मला त्यांचा रागही आला आणि रडूही.

पुढे त्यांच्या पायाला जखम झाली. शुगर उतरेना, जखम भरेना, विष अंगभर गेलं. हॉस्पिटलातून त्यांना आणलं ते पांढऱ्या चादरीतच.

मुखात ठेवायला तुळशीपत्र हवं होतं. यशोदाबाईंनी माझं पान खुडलं आणि त्यांच्या ओठांत ठेवलं. "आवो, घ्या ना," त्या म्हणाल्या. मला तिथेच तर पोचायचं होतं. पोचले, पण चव घ्यायला कुणी नव्हतं.

दिवसकार्य उरकल्यावर यशोदाबाईंनी एक पान तोडून स्वतःच्या तोंडात टाकलं.

"भाविका, ही एवढी गोड हाय?" त्यांनी विचारलं आणि ओट्यावर गोटीराम बसत त्या जागी बसल्या.

अजूनही मला रोज दिवा लागतो. तुमच्या दारात माझं रोप असेल, तर हात जोडते, त्याला नमस्कार करू नका. तोडा. माणूस चहाची वाट बघत बसलाय तोवर तोडा.